हरवलेलं आणि पुसलेलं

वऱ्हाडात दोन शेतांच्या मधल्या हद्दीला धुरा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात बांध, आमच्याकडे धुरा. धुऱ्यावरून भांडणं होतात, कोर्टात तारखा पडतात, सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण समजा, उद्या सकाळी तलाठ्याच्या दप्तरातून एका गावाचे सगळे सातबारे आणि नकाशा नाहीसा झाला, तर शेतं कुठे जातील? कुठेच नाही. तूर उभीच राहील. धुऱ्यावरची बोरं पिकतील. विहिरीत पाणी असेल. फक्त कुठून कुठपर्यंत कोणाचं, हे सांगणारा कागद नसेल.

कॉम्प्युटरच्या डिस्कवरचं पार्टिशन हरवतं, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. पार्टिशन म्हणजे वाटणी. एक मोठं वावर, त्याचे तुकडे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर हा वाटणीचा कागद किती मोठा असतो? पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले फक्त ६४ बाइट. सोळा-सोळा बाइटच्या चार ओळी. तुकडा इथे सुरू होतो, इतका लांब आहे, अशा प्रकारचा आहे, संपलं. पाचशे जीबीच्या डिस्कवरचे तुमचे सगळे फोटो, पगाराच्या स्लिपा, अर्धवट सोडलेली कादंबरी, हे सगळं 'आहे' की 'नाही' हे त्या ६४ बाइटवर ठरतं. व्हॉट्सॲपवरचा एक मध्यम मेसेजही याहून लांब असतो. नवीन जीपीटी पद्धत जरा शहाणी आहे. ती या कागदाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवते.

लिनक्सवर या कामासाठी टेस्टडिस्क नावाचं हत्यार आहे. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं, फुकट आणि मुक्त. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, माऊस चालत नाही. ते दप्तर शोधत बसत नाही, थेट वावरात उतरतं. सेक्टरमागून सेक्टर बघत जातं आणि धुऱ्याचे दगड शोधतं. एनटीएफएसचा तुकडा असेल तर त्याच्या पहिल्या सेक्टरची नक्कल तुकड्याच्या शेवटी असते. लिनक्सची एक्स्ट-फोर असेल तर तिचा सुपरब्लॉक सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्याच्या प्रती पुढे ठरावीक अंतरांवर पेरलेल्या असतात. दोन-तीन दगड सापडले की हद्द जुळते. मग ते विचारतं, हाच का तुमचा तुकडा? 'पी' दाबलं की आतल्या फाइलींची यादी दिसते. पटलं तर ६४ बाइट पुन्हा लिहायचे, मशीन बंद करून चालू करायचं. हे पहिल्यांदा बघणारा माणूस 'चमत्कार' म्हणतो. चमत्कार वगैरे काही नसतो, पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते बघायला मला अजूनही आवडतं.

यात एक नियम मोडायचा नसतो: ज्या डिस्कवरून परत मिळवायचं, तिच्यावर काहीही लिहायचं नाही. आधी तिची सेक्टरबरहुकूम प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि जे काय खेळायचं ते प्रतीवर.

हा नियम मला सगळ्यात सोप्या रीतीनं कौंडण्यपुरात समजावता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर हे गाव आहे. पुराणातलं कुंडिनपूर, विदर्भाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर, दमयंतीचंही. गावात जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या जागेला आपण पांढरी म्हणतो. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांची घरं कोसळून, राख-चिखल-हाडं-खापरं साचून ती जमीन झालेली असते. १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी महाराष्ट्र शासनासाठी इथे उत्खनन केलं आणि १९६८ साली त्याचा अहवाल छापून आला. राजधानीचा दप्तरातला पत्ता कधीच गेला होता. थर मात्र होते. पण पांढरीची माती लोक भिंतींना नेतात, शेतात टाकतात. एकेक टोपली उचलली की एकेक थर जातो, आणि तो कुठलंही हत्यार परत आणू शकत नाही. डिस्कवर नवीन सिनेमा उतरवणं म्हणजे ती टोपली.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग झालं. पुढची गोष्ट मला इंजिनिअरिंगला शिकवली नव्हती.

कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका गावातले निवृत्त गुरुजी वारले. आमच्या नात्यातले नव्हते, पण ओळख जुनी. त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा होता, विंडोज त्याला झेपत नव्हतं म्हणून बरीच वर्षं ते लिनक्सच वापरायचे. जुना, विंडोजच्या काळातला एनटीएफएसचा तुकडा तसाच ठेवलेला आणि त्यातच त्यांचा सगळा संसार. त्यात 'पालखी' नावाचं एक फोल्डर होतं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते. महिन्याभराहून जास्त पायी चाल. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात, राज्यातल्या जुन्या पालख्यांपैकी एक. माहेरची माणसं लेकीला घेऊन सासरी चालली आहेत असा तो सगळा भाव असतो. गुरुजींनी वर्षानुवर्षं तिचे फोटो काढले होते आणि मुक्कामांवरची भजनं रेकॉर्ड केली होती. ज्यांचे आवाज त्यात होते त्यातले कितीतरी लोक आता नाहीत.

तेरवीनंतर घरातल्या एका पोरानं उत्साहात त्या मशीनवर 'नवीन पार्टिशन टेबल' तयार करून टाकलं. सगळं रिकामं दिसायला लागल्यावर त्यानं वायर काढली आणि हात लावायचा नाही म्हणून बसला. या एका गोष्टीसाठी मी त्याला शंभर गुण दिले. नवीन टेबलानं फक्त कागद बदलला होता, वावर शाबूत होतं. मी प्रत काढली, टेस्टडिस्क चालवलं, पंधरा मिनिटांत दोन्ही तुकडे सापडले. पालखी होती. सगळी वर्षं होती.

टेस्टडिस्क फाइलींची यादी दाखवतं तेव्हा पुसलेल्या फाइली लाल रंगात दाखवतं. एनटीएफएसवर फाइल पुसली की तिच्या नोंदीवर 'वापरात नाही' एवढी खूण होते. नाव बऱ्याचदा तसंच राहतं, मजकूरही, जोवर त्या जागी दुसरं काही येत नाही. यादी खाली सरकवत होतो आणि लिनक्सच्या कचरापेटीच्या फोल्डरमध्ये एक लाल ओळ दिसली. नाव होतं 'वाटणी'. शेजारी तारीख, ते जाण्याच्या साधारण दीड वर्ष आधीची. शेवटचा बदल त्या दिवशी झालेला. पुसली कधी, ते त्या ओळीत नव्हतं.

गुरुजींना एक मुलगा, एक मुलगी. सात एकर शेत आणि घर. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आणि आमच्याकडे कायदा काहीही म्हणो, रीत अशी आहे की बाप गेल्यावर वर्षभरात बहिणीसमोर हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि ती सही करते. भाऊबीज चालू राहावी म्हणून करते.

सी दाबलं की ती फाइल कॉपी होणार होती. मी दाबलं नाही. का नाही दाबलं, याचा विचार मी त्या रात्री जेवढा केला त्याहून जास्त नंतर केला.

हत्याराच्या दृष्टीनं 'पालखी' आणि 'वाटणी' यांच्यात काही फरक नव्हता. दोन्ही डिस्कवर होत्या, दोन्हींची वाट मोडली होती, दोन्ही परत येऊ शकत होत्या. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो, रिकव्हरी. पण एक हरवलं होतं आणि एक पुसलं होतं. हरवण्यात कोणाची इच्छा नसते. पुसण्यात असते. 'पालखी' परत देताना मी गुरुजींच्या बाजूनं काम करत होतो, 'वाटणी' परत देताना त्यांच्या विरुद्ध करत असेन. ते जिवंत असते आणि म्हणाले असते, "पालखी काढून दे रे बाबा", तर लाल ओळीकडे बघण्याचं मला काही कारण नव्हतं.

पण हे वाटतं तितकं सरळ नाही. माणूस फाइल का पुसतो? विचार बदलला म्हणून. लाज वाटली म्हणून. छापून घेतलं, आता गरज नाही म्हणून. जागा कमी पडली म्हणून. बोट चुकलं म्हणून. कचरापेटीत टाकणं ही एक कृती झाली आणि पेटी रिकामी करणं ही दुसरी, म्हणजे दोनदा विचार झाला असं म्हणावं, तर पेटी रिकामी करताना आपण काय काय आहे ते कुठे बघतो? डिस्कवर बाइट मिळतात, हेतू मिळत नाही.

आणि समजा हेतू पक्का होता. मेलेल्या माणसाच्या इच्छेचं जिवंत माणसाच्या गरजेपुढे वजन किती? त्या फाइलमध्ये मुलीला तीन एकर लिहून ठेवले असतील तर? कायद्यानं त्याला किंमत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले, तर मृत्युपत्रावर सही लागते, दोन साक्षीदार लागतात. कॉम्प्युटरवरचा खर्डा मृत्युपत्र नसतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, त्यासाठी बापाच्या खर्ड्याची गरजच नाही. पण घरातली भांडणं कायद्याच्या पुस्तकातून चालत नाहीत. 'बाबांच्या मनात होतं' हे एक वाक्य तिला सही न करायचं बळ देऊ शकलं असतं. किंवा उलट: त्यात तिचं नावच नसेल, आणि तिला ते आयुष्यभर पुरेल.

कागदाच्या काळात हा प्रश्न वेगळा होता. कोणी पत्र फाडलं, चुलीत घातलं, तर ते गेलं. फाडलेले तुकडे कोणी जुळवत बसला तर त्याला आणि बघणाऱ्यालाही कळायचं की हा काय करतोय. आजचं पुसणं हे वचन आहे. मशीन म्हणतं 'कायमचं काढून टाकू का?' आपण 'हो' म्हणतो, आणि मशीन फक्त पाटी फिरवून ठेवतं. गुरुजींनी त्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तो शब्द खोटा असतो हे मला माहीत आहे म्हणून मला तो मोडायचा अधिकार मिळतो का? चावीवाल्याला कुलूप उघडता येतं, म्हणून घर त्याचं होत नाही.

तुम्ही म्हणाल, फोनवर आता असं काही राहत नाही. बरोबर आहे, बऱ्याच अंशी. एसएसडी आणि फोनची मेमरी ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेल्या जागा खरोखर मोकळ्या करते, लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत ते दर आठवड्याला आपोआप होतं. पण मग पुसलेलं दुसरीकडे कुठेतरी उरतं: क्लाउडवर, समोरच्याच्या फोनमध्ये, स्क्रीनशॉटमध्ये. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केल्यावर मागे पाटी राहते की इथे काहीतरी होतं. ती पाटी वाचून ज्याला झोप लागते त्यानं मला भेटावं. नोटिफिकेशनमधून असे मेसेज साठवून ठेवणारी ॲप आहेत, आणि ती वापरणारे कोणी गुन्हेगार नाहीत, तुमच्या-माझ्या ग्रुपमधलीच पोरं-पोरी आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं कंपन्यांकडून आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क दिलाय. एकमेकांकडून पुसून घ्यायचा हक्क कोण देणार?

याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी. हल्ली मराठी भाषा विद्यापीठ झालं म्हणून नाव ऐकलं असेल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन 'लीळाचरित्र' लिहिलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. आणि ती मूळ पोथी खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली. मग ज्यांना जे पाठ होतं त्यांनी ते सांगितलं, दुसऱ्यांनी उतरवलं. हिराइसा नावाच्या बाईच्या स्मरणातून उतरलेला पाठ तिच्याच नावानं ओळखला जातो. आज 'लीळाचरित्र' एक नाही, त्याचे अनेक पाठ आहेत. मजकुरात अमका असं म्हणतो, तमका तसं म्हणतो, अशा नोंदीही आहेत. माझ्या माहितीत मराठीतली ही सगळ्यात मोठी डेटा रिकव्हरी. आणि प्रामाणिकही: जिथे जुळलं नाही तिथे जुळल्याचा आव आणला नाही.

त्याच पंथाचा कवी नरेंद्र. त्यानं 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं, म्हणजे कौंडण्यपूरच्याच लेकीची गोष्ट. परंपरा सांगते की देवगिरीच्या रामदेवरावाला ते इतकं आवडलं की त्यानं सोन्याच्या बदल्यात ते आपल्या नावावर मागितलं. नरेंद्रानं नकार दिला. पोथी राजाकडेच राहिली आणि नरेंद्र व त्याच्या भावांनी आठवल्या तेवढ्या, सुमारे ९०० ओव्या पुन्हा लिहून काढल्या. बाकीच्या गेल्या.

या दोन्ही ठिकाणी ज्यांचं गेलं त्यांनीच परत मिळवलं. तिथे माझा प्रश्न उभाच राहत नाही. तो उभा राहतो पुढे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये बंद केले होते. बाहेरच्यानं वाचू नयेत अशी स्पष्ट इच्छा. कित्येक शतकं ती पाळली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास बदलला. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं, तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आले. कोलते मोठे संशोधक, त्यांची बाजू मला समजते. खरं सांगायचं तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. राजवाड्यांनी ते कुलूप उघडलं नसतं तर माझ्यासारख्याला म्हाइंभट हे नावही कळलं नसतं.

मग मी गुरुजींच्या बाबतीत वेगळा नियम का लावतो? सहाशे वर्षांनी कुलूप उघडणं आणि सहा महिन्यांनी उघडणं यात काय फरक? एक फरक असा की ग्रंथ लिहिलेला होता वाचण्यासाठी, भले मोजक्यांनी वाचण्यासाठी. लिपी हा बंदोबस्त होता, नकार नव्हता. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' पुसलं नव्हतं. पण हे उत्तर मला पुरतं पटत नाही, कारण आक्षेप घेणाऱ्या भाविकाला ते तसंच दुखलं असणार. दुसरा फरक मला जास्त खरा वाटतो. सहाशे वर्षांनी त्या मजकुरातल्या माणसांना कोणी जाब विचारू शकत नाही, आणि तीही कोणाला दुखवू शकत नाहीत. सहा महिन्यांनी त्या लाल ओळीच्या दोन्ही बाजूंना जिवंत माणसं बसलेली होती, एकाच सतरंजीवर. म्हणजे गुप्ततेचा हक्क मृत्यूनं संपतो की नाही, यापेक्षा तो हळूहळू विरतो असं म्हणावं लागेल. पांढरीसारखा, थराथरानं. किती वर्षांनी पुरता विरतो, याचा आकडा माझ्याकडे नाही.

इथे मला दमयंती आठवते, तीही कुंडिनपूरचीच. नल तिला रानात झोपेत सोडून गेला, पुढे रूप बदलून बाहुक म्हणून दुसऱ्याच्या पदरी राहिला. त्यानं स्वतःला पुसलं होतं म्हणा ना. दमयंतीनं त्याला खुणांवरून शोधलं: रथ हाकण्याची पद्धत, स्वयंपाकाची चव. आमचं फोटोरेकही असंच करतं. फाइलीचं नाव गेलं, फोल्डर गेलं, तरी एफएफ डी८ एफएफ अशी सुरुवात दिसली की हा जेपेग फोटो असणार, हे ओळखतं. पण दमयंतीनं खुणा जुळल्याबरोबर दवंडी पिटली नाही. तिनं बाहुकाला बोलावून घेतलं, समोर उभं केलं आणि बोलतं केलं. आपण नल आहोत हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू दिलं. गुरुजींना मी बोलतं करू शकत नव्हतो.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. गप्प बसायचं, पण मग त्या घरात एक गोष्ट मला माहीत आणि त्यांना नाही, हे मला नको होतं. फाइल उघडून बघून मग ठरवायचं. पण ते ठरवणारा मी कोण? राहिला तिसरा. मी दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवून सांगितलं. पालखी सगळी मिळाली आहे. शिवाय तुमच्या बाबांनी पुसलेली एक फाइल डिस्कवर दिसते, तिचं नाव असं आहे, मी ती उघडलेली नाही, नीट निघेल याचीही खात्री नाही. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर सांगितलं असतं तर तोच एक अन्याय झाला असता.

दादा म्हणाले, "काढ ना मंग. आपल्याच बापाचं आहे, चोरी थोडी आहे."

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबांनं पुसलं होतं ना? तर मंग राहू दे."

मला वाटलं होतं, उलट होईल. जिला त्यातून काही मिळण्याची शक्यता होती तीच नको म्हणत होती. हे औदार्य होतं, की बापाच्या मनात आपल्यासाठी काय होतं हे कळण्याची भीती, की हक्कसोडपत्रावर सही करायची इतक्या वर्षांची सवय? मी अंदाज बांधत बसलो नाही. तिच्या नकाराचा हेतूही त्या लाल ओळीइतकाच माझ्या हद्दीबाहेरचा. मी एवढंच म्हणालो की, दोघांचं एकमत झालं तर कधीही बोलवा, तोवर या डिस्कवर काही लिहू नका. आणि ताई, एकमत होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची घाई करू नका. हे शेवटचं वाक्य इंजिनिअरच्या कामात बसत नाही. दादांना ते आवडलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी मी ते बोललो, कारण फाइल न उघडण्याची किंमत एकट्या ताईनं भरावी हे मला मान्य नव्हतं.

मूळ डिस्क काढून मी त्यांच्या घरी ठेवली. गुरुजींच्या लोखंडी कपाटात, दोघांच्या सह्यांची चिकटपट्टी लावून. पालखीचं फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर, एकेक दोघांना. माझ्याकडे राहिली होती ती काम करायची प्रत, बाहेरच्या एक टीबीच्या डिस्कवर. पुण्याला परत आल्यावर मी ती फाइल नुसती पुसली नाही. सगळ्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. त्याला तीन तासांच्या आसपास लागले.